मिठात ठेवलेला फडका

मित्रांनो, मी एक जुना फडका आहे आणि माझ्यापाशी वेळ फार थोडा आहे. समोर एक खड्डा आहे, त्यात बाभळीची लाकडे पेटलेली आहेत, आणि मला मुठीत धरून उभी असलेली बाई अजून मूठ उघडत नाही. तिच्या तळहाताला घाम सुटला आहे. ती मूठ उघडेपर्यंत माझी हकिकत सांगून घेतो.

तुम्ही जुन्या वस्तूंच्या कहाण्या पुष्कळ ऐकल्या असतील. छत्री सांगते, घड्याळ सांगते, शाळेचे बाक सांगते. शेवटी सगळ्यांचे रडगाणे एकच असते, की आम्हाला टाकू नका, जपून ठेवा. माझे रडगाणे उलटे आहे. मला जपून ठेवले आणि त्यातून जे झाले, ते मी सांगणार आहे. ऐकताना मन जरा घट्ट करा.

माझा जन्म भिवंडीचा. एका म्हाताऱ्या मोमीन विणकराच्या हातमागावर मी विणला गेलो. तेव्हा मी फडका नव्हतो. तांबड्या अंगाचे, हिरव्या काठांचे एक पुरते लुगडे होतो. म्हातारा धोटा फेकता फेकता स्वतःशीच पुटपुटे आणि सूत तुटले की मागाला शिव्या देई. त्याच्या शिव्या खात खात मी चांगला घट्ट विणला गेलो. भिवंडीच्या बाजारातून ठाकुर्लीच्या एका आगरी घराने मला लग्नासाठी नेले. नवरीचे नाव होते रंगूबाई.

ठाकुर्ली हे कल्याणजवळचे खाडीकाठचे गाव. आगगाडी गावाशेजारून धूर सोडत जाई, पण गावाचे पोट भातावर आणि मिठावर चाले. लग्नात मिरवून झाल्यावर रंगूबाईने मला मिठागरात नेसायला काढले. वर ऊन, खाली खारे पाणी, डोक्यावर मिठाची टोपली, आणि टोपलीतून गळणारे पाणी माझ्या पदरावर. माझा तांबडा रंग विटत गेला, पण अंग मात्र मऊ झाले. लुगडे जुने झाल्याशिवाय खरे मऊ होत नाही, हे तुमच्या आजीला विचारा.

रंगूबाईची सगळी मुले जगली. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. घरोघरी पाळणा बांधला जाई आणि पुष्कळ घरी तो महिन्याच्या आत सोडून ठेवावा लागे. तेव्हा गावच्या बाया म्हणू लागल्या, "रंगूच्या लुगऱ्याला गुन हाय गो!" खरे सांगायचे तर गुण रंगूबाईच्या दुधात होता आणि थोडा नशिबात. पण कौतुक कुणाला नको असते? मीही फुगून गेलो. हरभऱ्याच्या झाडावर चढवले की कापडसुद्धा चढते.

रंगूबाईची थोरली लेक हौसाबाई. आज मला मुठीत धरून उभी आहे ती हीच. तिला गावातच दिलेली. तिची मुले मात्र जगत नसत. एक गेले, मग दुसरे गेले. पाचवीची पूजा होण्याआधीच घर पुन्हा मुके होई. आमच्याकडे चाल अशी, की तान्ह्या बाळाला पाचवी होईपर्यंत नवे कापड लावायचे नाही. नव्या कापडाने सटवाई रुसते म्हणतात. बाळाला जुनेरातच गुंडाळायचे, आणि जुनेरही ज्या बाईची मुले जगली आहेत तिचेच हवे. हौसाबाईला पुन्हा दिवस गेले तेव्हा रंगूबाईने कुणाला न विचारता माझा पदराकडचा भाग टर्रकन फाडला. "हा घे फरका," ती म्हणाली. ठाकुर्लीला फडक्याला फरका म्हणतात. "पोराला यातच ठेव. दुसऱ्या कशाला हात लावू नको."

त्या वेळी जी मुलगी झाली ती तुळसा. ती जगली.

उरलेल्या लुगड्याची गोधडी झाली, गोधडीचे पोतेरे झाले, आणि पोतेऱ्याचे शेवटी जे होते तेच झाले. मी मात्र हौसाबाईच्या घरात देवासारखा राहिलो. मडक्यांच्या उतरंडीत, मिठाच्या मडक्याच्या वर, केळीच्या पानात गुंडाळून. तुळसाला ताप आला की मला तिच्या उशाशी ठेवत. हौसाबाईचा नवरा खाडीत होडी उलटून गेला, त्या दिवशीही तिने मला छातीशी धरून ठेवले होते. पुढे रंगूबाईही गेली. मग मी तिची आठवण झालो आणि माझी किंमत आणखी वाढली. माझ्याकडे कुणी कधी दुर्लक्ष केले नाही. केले असते तर बरे झाले असते.

तुळसा मोठी झाली. ठाण्याजवळ माजिवड्याला पोपट नावाच्या मुलाला तिला दिली. तोही मिठागरातलाच, अबोल आणि कामाचा. पहिल्या बाळंतपणासाठी तुळसा ठाकुर्लीला आईकडे आली, आणि त्याच हिवाळ्यात मुंबईतून गाठीचा ताप सरकत सरकत ठाण्याला आला, कल्याणला आला. अठराशे सत्त्याण्णव साल नुकते लागले होते. घराघरांतून आधी उंदीर मरून पडत, मग माणसे. काखेत नाहीतर जांघेत गाठ येई आणि धडधाकट माणूस बघता बघता जाई.

ठाकुर्लीच्या लोकांनी घरे सोडली आणि शेतात झावळ्यांच्या झोपड्या घातल्या. हौसाबाईनेही तुळसाला घेऊन चिंचेखाली झोपडी घातली. उंदीर मागे गावात राहिले. झोपडीत फक्त चार भांडी, मिठाचे मडके आणि मी. तेथे ताप येण्याचे कारण नव्हते. हे लक्षात ठेवा, कारण पुढे हाच प्रश्न विचारला जाणार आहे.

गावात सरकारी माणसे हिंडू लागली. घरे धुवायची, धुरी द्यायची, जुनीपानी चिरगुटे दिसली की ओढून काढून जाळायची. तुळसाचे दिवस भरत आलेले, आणि ज्या फडक्यावर हौसाबाईचा सगळा जीव टांगलेला तोच उद्या कुणी ओढून नेला तर? तिने मला घडी करून आपल्या कमरेला, लुगड्याच्या आत बांधले. जाईल तिथे मी बरोबर.

आणि ती गेली कुठे? मिठागरे ओस पडली होती, काम नव्हते. कल्याणच्या बाहेर माळावर तापाच्या रोग्यांसाठी शेड उभ्या केल्या होत्या, आणि रोगी बायकांची सेवा करायला बाया मिळत नव्हत्या. हौसाबाईने ते काम धरले. सरकारी माणसांच्या हातून मला वाचवायला तिने मला अशा जागी नेले, जिथे सगळे जाळण्याजोगेच होते.

शेडवर गुरुदत्तराव नावाचे तरुण डॉक्टर होते. कल्याणचेच, शिकलेल्या घरातले. झोप नसल्याने डोळे सुजलेले, बोलणे तुटक. त्यांचा एक नियम होता. आत जाणाऱ्या प्रत्येकाने नाकातोंडावर औषधाच्या पाण्यात भिजवलेले फडके बांधायचे, आणि संध्याकाळी बाहेर पडताना ते कुडाच्या पलीकडच्या खड्ड्यात टाकायचे. खड्ड्यावर दगडू असे. तो तिथला जाळ पेटता ठेवी.

नियम सोपा होता, पण पाळणारे थोडे. कुणी फडके वाटेत बाभळीवर अडकवून जाई, कुणी खाडीत भिरकावी. एकदा एका शेळीने असले फडके चघळायला घेतले तेव्हा गुरुदत्तराव स्वतः धावत गेले आणि ते ओढून काढले. मग सगळ्यांना कुडापाशी उभे करून ओरडले, "ज्या कापडाने तुम्हाला वाचवलं, तेच दुसऱ्याला मारील! त्याने आतली घाण आपल्या अंगावर घेतलीय. एवढं साधं कळत नाही?"

साधे नव्हते ते. हौसाबाई शेजारणीला हळूच म्हणाली, "ज्यानं वाचवला त्याला जालायचं? अशी कशी रीत गो?"

एके दिवशी तोंडाला बांधायच्या पट्ट्यांची मुंबईची गठडी आलीच नाही. गुरुदत्तराव म्हणाले, "स्वच्छ जुनं कापड असेल ते बांधा. पण हौसाबाई, जे बांधाल ते संध्याकाळी खड्ड्यात. विसरायचं नाही."

तिने मला कमरेवरून सोडले. औषधाच्या उग्र पाण्यात बुडवून तिने मला नाकावर बांधले तेव्हा तिचे डोळे पाण्याने भरले. औषध झोंबले असेल. पण मग तिने खोल श्वास घेतला आणि मला म्हणाली, "आये, राख मला." एवढ्या वर्षांनी माझ्या धाग्यांत रंगूबाईचा वास कुठला राहणार? पण तिला तो आला.

संध्याकाळी ती खड्ड्यापाशी आली आणि आपल्या नेसत्या लुगड्याच्या काठाची एक चिंधी फाडून तिने आगीत टाकली. मी तिच्या कमरेला होतो. दगडूने पाहिले की काहीतरी जळले. त्याने संशय घेतला नाही. बाई नेमाची, कामाची. तिच्यावर कोण पहारा ठेवतो?

आता एक गोष्ट सांगतो, नाहीतर तुम्ही तिला अगदीच बेपर्वा समजाल. मिठागराच्या माणसांचा मिठावर भारी भरवसा. मासळी टिकते ती मिठाने. पायाला चीर पडली तर खाऱ्या पाण्यात पाय बुडवायचा. मूल किरकिर करू लागले की मीठमोहऱ्या ओवाळून विस्तवात टाकायच्या. मीठ तडतडले की दृष्ट जळाली. "मिठाफुरं काय टिकतंय?" असे हौसाबाई म्हणे, म्हणजे मिठापुढे कुठला रोग टिकतो! म्हणून घरी जाताना ती वाट वाकडी करून मिठागरात उतरे, मला दाट खाऱ्या पाण्यात खळबळून काढी आणि बांधावर वाळत घाली. मी वाळून कडक होई, अंगावर मिठाचे पांढरे कण चमकत. तिच्या लेखी मी गंगेत न्हाऊन आलेलो असे.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या पट्ट्या आल्या. तरी तिने मलाच बांधले, आणि पुढेही मलाच बांधत राहिली; संध्याकाळी खड्ड्यात जाई ती न वापरलेली पट्टी. मला वाटे, बाई, असे करू नको. पण फडक्याला तोंड झाकता येते, उघडता येत नाही.

मग तो दिवस आला. कल्याणच्या एका गल्लीतून एक बाई आणली होती, तिच्या अंथरुणाच्या गाठोड्यासकट. दुपार व्हायच्या आत ती गेली. हौसाबाई थकून गेली होती. पाणी प्यायला तिने मला सोडले आणि क्षणभर त्याच गाठोड्यावर ठेवले. ती पाणी पीत होती तेवढ्यात माझ्या घडीत काहीतरी शिरले. तिळाएवढे. एक पिसू होती ती. या तापाचे आणि पिसवेचे नाते तिथे कुणालाच ठाऊक नव्हते. डॉक्टर हवेला दोष देत, ओलीला दोष देत, घाणीला दोष देत. मला तरी काय ठाऊक? मला एवढेच कळले, की माझ्यात काहीतरी जिवंत आहे.

तेवढ्यात कुडाच्या बाहेरून हाक आली. शेजारच्या झोपडीतली चांगुणा धापा टाकत उभी होती. "हौशे, चल बेगीन! तुलसाला कला लागल्यान!"

हौसाबाईने मला उचलले आणि ती पळाली. खड्ड्यावरून दगडू ओरडला, "ए हौशे! तोंडाचा फरका टाक ना!"

"उद्या टाकते रं!" ती पळता पळताच म्हणाली. "पोरगी अडलीय माजी!"

दगडू हसला आणि म्हणाला, "जा, जा. सुटका व्हऊ दे तिची." तो वाईट माणूस नव्हता. अशा वेळी तुम्हीआम्हीही तिला अडवले नसते.

झोपडीत पोचेपर्यंत मूल झाले होते. मुलगा. चांगले खणखणीत रडत होता. मिठागरात जाऊन मला धुवायला आता वेळ कुठला? हौसाबाईने मडक्यातले मूठभर मीठ माझ्यावर चोळले, मला झटकले, कडुनिंबाच्या आणि ओव्याच्या धुरीवर धरले, आणि नातवाला माझ्यात गुंडाळले. मग तुळसाच्या कुशीत त्याला देत म्हणाली, "तुला बी यातच गुंडाललेली. आजीचा हाय. आता काय व्हत नाय याला."

तुळसाने आपला गाल माझ्यावर टेकला. त्या पोरीला इतके समाधान झालेले मी कधी पाहिले नव्हते.

मित्रांनो, बाळाला खरेच काही झाले नाही. माझ्यातली ती पिसू बाळाला सोडून आईच्या अंगावर गेली.

पाचवी पुजून झाली आणि तुळसाला हुडहुडी भरली. हौसाबाई म्हणाली, दुधाचा ताप असेल. चांगुणाही तेच म्हणाली. मग जांघेत गाठ हाताला लागली, आणि हौसाबाई स्वतः अनवाणी पळत जाऊन गुरुदत्तरावांना घेऊन आली. त्यांनी तुळसाला पाहिले, मग झोपडी पाहिली, चिंच पाहिली, आजूबाजूच्या झोपड्या पाहिल्या.

"इथे उंदीर पडले का?"

"नाय."

"शेजारी कुणाला ताप?"

"नाय, कोनालाच नाय."

"मग आला कसा? हौसाबाई, शेडमधून घरी काही आणलंत का? कापड, भांडं, काहीही?"

मी त्या वेळी बाळाभोवती होतो, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. हौसाबाईने माझ्याकडे पाहिले नाही.

"नाय सायब," ती म्हणाली. "मी काय आननार?"

तुळसाला शेडमध्ये हलवायचे, झोपडी सामानासकट जाळायची, मुलाला आईपासून दूर ठेवायचे आणि शेडमधले कोरे मलमल आणून त्यात ठेवायचे, असे सांगून गुरुदत्तराव बाहेर गेले. जाळणारी माणसे यायच्या आत हौसाबाईने बाळाला माझ्यातून सोडवले, मला मिठाच्या मडक्यात तळाशी खुपसले आणि वरून मीठ दाबले. का? ते तिलाही सांगता आले नसते. चोरी करायची सवय लागली की हात आपले आपणच चोरी करतात. मडके चांगुणाच्या झोपडीत गेले आणि मी अंधारात पडून राहिलो.

पुढचे मला हौसाबाईकडूनच कळले. ती मडक्यापाशी येऊन बसे आणि माझ्याशी बोले. शेडमध्ये लेकीची सेवा करताना आता ती मुंबईची पट्टी बांधत होती आणि रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने खड्ड्यात टाकत होती. दगडू म्हणाला, "आता लय नेमानं टाकतंस!" तुळसा शुद्धीत असे तेव्हा एकच विचारी.

"आये, पोराला आजीचा फरका हाय ना?"

"हाय गो बाय. त्यातच हाय."

"मग ठीक."

त्यानंतर तुळसा फार दिवस राहिली नाही. जिचा जीव माझ्यामुळे राहिला असे सगळे म्हणत, तिचा जीव माझ्यामुळे गेला. हौसाबाई मडक्यापाशी येऊन रडली नाही. तिने झाकण काढले, मिठात हात घातला, मला चाचपले आणि झाकण पुन्हा लावले. तिला सगळे कळले आहे, हे मला तिच्या बोटांवरून कळले.

बाळ शेळीच्या दुधावर जगले. कापसाच्या वातीने थेंब थेंब पाजत हौसाबाईने त्याला जगवले. या धामधुमीत आई नसलेले तान्हे पोर तगले, याचे गावाला नवल वाटले. आणि तुम्ही ओळखलेच असेल, त्याचे श्रेय कुणाला मिळाले. "रंगूच्या फरक्यात व्हता म्हनून वाचला!" मी अंधारात, मिठात तोंड खुपसून ही स्तुती ऐकत होतो. एकेक शब्द मला टोचत होता.

तापामुळे ठाण्याकडून येण्याजाण्यावर घातलेली बंदी उठली तसा पोपट आला. बायको गेल्याचा निरोप त्याला वाटेवरच मिळाला होता. बारशासाठी घेतलेले नवे कोरे पागोटे तो डोक्याला बांधूनच आला होता. काढायचे त्याला सुचले नसावे. चांगुणाच्या झोपडीपुढे तो बराच वेळ मुलाला मांडीवर घेऊन बसला. मग म्हणाला, "मामी, मी याला माजिवऱ्याला नेतो. भयनीचं पोर अंगावर पितंय, ती याला बी पाजंल."

"ने बाबा," हौसाबाई म्हणाली. "तुजाच हाय. मधून मधून दाव मला."

"आनि तो फरका दे. त्यातच गुंडालून नेतो. भावाच्या बायकोचे बी दिवस भरत आलेत, तिनं पन मागितलाय."

मित्रांनो, आता हौसाबाईच्या जागी स्वतःला उभे करून पाहा. हरवला म्हणाली असती तरी चालले असते. जाळणाऱ्यांनी नेला म्हणाली असती तरी कुणी विचारले नसते. पण चांगुणा तिथेच बसली होती आणि तिने बोट दाखवले. "तो काय, मिठाच्या मरक्यात ठेवलाय तिनं. देवावानी जपलाय."

पोपटाने मुलाला चांगुणाच्या मांडीवर दिले आणि तो उठला. त्याने मडक्याचे झाकण काढले आणि हात आत घातला. हौसाबाईने त्याचे मनगट धरले.

"हात लावू नको त्याला."

"का?"

खरे सांगितले तर जावई तोडणार, आणि नातू पुन्हा दिसणार नाही. एवढे एकच तर उरले होते तिचे. नाही सांगितले तर मी माजिवड्याला जाणार, या बाळाभोवती, मग दुसऱ्या बाळाभोवती, मग तिसऱ्या. तिने एकदा चांगुणाच्या मांडीवरच्या नातवाकडे पाहिले.

"शेडमधी मी तोंडाला बांधायची तो," ती म्हणाली. "जालायचा व्हता. मी चोरून घरी आनला. तसाच पोराला गुंडालला. तुजी बायको तापानं नाय गेली पोपट. मी नेली तिला."

चांगुणाने तोंडावर हात ठेवला. पोपटाचा हात मडक्यातच राहिला होता. तो त्याने हळूहळू बाहेर काढला, धोतराला पुसला, पुन्हा पुसला.

"तिथं खड्डा व्हता ना जालायचा?"

"व्हता."

"किती लांब?"

"कुडाच्या पल्यार."

पोपटाने डोक्याचे नवे पागोटे सोडले. चांगुणाकडून मुलाला घेऊन त्याने त्यात गुंडाळले, नीट, पाय झाकून, एखाद्या बाईने गुंडाळावे तसे. जायला निघाला तेव्हा हौसाबाई मागून म्हणाली, "कवा दावशील?"

तो थांबला, पण वळला नाही. "पयला तो जालून ये," तो म्हणाला. "मंग बघू." आणि तो ठाण्याच्या वाटेला लागला.

म्हणून आम्ही इथे आलो आहोत. शेड बहुतेक रिकाम्या झाल्या आहेत, पावसाच्या आत मोडायच्या आहेत. दगडू शेवटचे तट्टे आणि अंथरुणे जाळतो आहे. हौसाबाईला पाहून तो म्हणाला, "आज कनाला आलीस गो? तुजं काम तर सरलं."

"त्या दिसाचा ऱ्हायलाय," ती म्हणाली. "बोललेली ना तुला, उद्या टाकते."

दगडूला आठवायला थोडा वेळ लागला. आठवले तेव्हा त्याने हातातली काठी खाली ठेवली आणि तो दुसरीकडे पाहू लागला.

मित्रांनो, माझे सांगणे संपत आले. तुमच्यावरही कधी तोंड बांधून फिरायची पाळी येईल. येऊ नये, पण येईल. तेव्हा जे कापड तुमच्या श्वासापुढे उभे राहील त्याचे उपकार माना आणि काम झाले की त्याला सोडून द्या. ते वाटेवर टाकू नका, झाडावर अडकवू नका, पाण्यात फेकू नका, कुणा दुसऱ्याच्या हाताला लागू देऊ नका. ज्यांनी त्याची व्यवस्था नेमून दिली आहे त्यांच्याकडे ते त्याच दिवशी जाऊ दे. ते तुमच्या आईचे असो, आजीचे असो. आमच्यात कुणाचा जीव अडकलेला नसतो. तुमचा मात्र अडकतो, आणि ती माया आंधळी असते. मला जपायला हौसाबाईने केवढी धडपड केली! त्यातली चिमूटभर धडपड मला टाकायला केली असती, तर आज तुळसा आपल्या मुलाला घेऊन माजिवड्याच्या वाटेवर असती.

मूठ उघडली. तिने मला भिरकावले नाही. वाकून जाळावर ठेवले, पाळण्यात ठेवावे तसे. माझ्या धाग्याधाग्यात मीठ आहे, ते आता तडतडू लागले आहे. दृष्ट काढताना तडतडते तसेच. हौसाबाई ऐकते आहे. तिच्या ओठांवर तुळसाचे नाव आहे.

तुम्ही मागे सरा, मित्रांनो. या धुरात उभे राहू नका.